खुशालीची आठ कार्डं

“माझं पोर जितं हाय का न्हाय, तेवढं सांगा. मग पिती म्या पानी.”

साबळे गुरुजींनी पुढे केलेला तांब्या त्यांच्या हातातच राहिला. बोर्डिंगच्या ओसरीखाली एक बाई उभी होती. घोट्याच्या वर चिखल, डोक्यावर घोंगडीची खोळ, हातात काठी. भाद्रपदातला रविवार होता, नुकते नऊ वाजले होते. वरच्या डोंगरातून एवढ्या लवकर इथं पोचायचं तर माणसानं पहाटेच घर सोडलेलं असणार, हे कुणालाही कळलं असतं.

गुरुजी आमचे रेक्टर. एकावन्न पोरांची आई, बाप, वैद्य आणि फौजदार ते एकटेच. रडणाऱ्या आया त्यांना नवीन नव्हत्या. पण ही रडत नव्हती, म्हणून तेही जरा गडबडले.

“बाई, आधी बसा तरी. कुणाच्या आई तुम्ही?”

“बिरूची. बिरू झोऱ्याची. पाचवीत घातलाय त्येला. वरल्या धनगरवाड्यावरनं आलीया.”

“बिरू? अहो, ठणठणीत आहे की! नदीवर गेलाय सगळ्यांबरोबर, कपडे धुवायला. येईलच तासाभरात.”

“आसं समदेच सांगत्यात,” बाई म्हणाली.

“दर आठवड्याला पत्र येतं ना त्याचं तुम्हाला?”

“येतं म्हनून तर आलीया.”

मी ओसरीलगतच्या खोलीत बसून कार्डांवर पत्ते लिहीत होतो. ते ऐकलं आणि माझं पेन थांबलं.

आमच्या बोर्डिंगात एक नियम होता. दर रविवारी पोरं नदीवरून आंघोळ-कपडे करून आली की प्रत्येकानं घरी एक कार्ड धाडायचंच. गुरुजींचं म्हणणं असं, की घरची माणसं पोटाला चिमटा घेऊन पोरं इथं ठेवतात, त्यांना आठवड्याला चार ओळी तरी मिळाल्या पाहिजेत. म्हणणं लाखमोलाचं होतं. घोळ पुढं झाला. पाचवी-सहावीतल्या पोरांना पत्र लिहिणं जमत नसे, म्हणून त्यांची कार्डं मोठ्या पोरांनी लिहायची अशी पद्धत पडली. आणि कुणाचं काही चुकू नये म्हणून गुरुजींनी प्रार्थनेच्या खोलीत भिंतीवर पत्राचा मायना ऑइलपेंटनं रंगवून घेतला होता: ‘तीर्थरूप आईबाबांस साष्टांग नमस्कार. मी येथे खुशाल आहे. ताप नाही, थंडी नाही. अभ्यास नियमित चालू आहे. जेवण वेळेवर मिळते. माझी काळजी करू नये. आपली खुशाली कळवावी.’

माझं अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं होतं. हे मी म्हणत नाही, तपासणीला आलेले साहेब म्हणाले होते. मी फक्त ते पुढं चार वर्षं सगळ्यांना सांगत होतो. त्यामुळं मी दहावीला पोचलो तोवर माझ्या वाट्याला सगळ्यांत जास्त, म्हणजे दहा पोरं आलेली होती. दहाही कार्डं मी पंचवीस मिनिटांत उरकायचो, कारण त्यानंतर मैदानावर कबड्डी सुरू व्हायची आणि पहिली चढाई माझी असायची. वेळ वाचावा म्हणून पत्ते मी आधीच लिहून ठेवायचो. मग पोरगं समोर येऊन बसायचं आणि म्हणायचं, “दादा, आसं लिवा, तसं लिवा.” मी “हं, हं” करत खाली मायना उतरवायचो. माझं पळतं अक्षर त्यांना लागत नसे. कार्ड भरलेलं दिसलं की ती खूश. ती बोलून मोकळी, मी लिहून मोकळा.

गुरुजी कार्डं मोजायचे, पत्ते तपासायचे आणि पेटीत टाकायला पाठवायचे. मजकूर वाचत बसायला त्यांना सवड नव्हती, आणि तसाही मजकूर त्यांचाच होता.

बिरू जूनअखेरीस आला. काळा, काटकुळा, डोळ्यांनी सारखा इकडंतिकडं बघणारा. घंटेला दचकायचा, नळाला दचकायचा. बाकीची पोरं दोन वाक्यांत संपायची, हा मात्र समोर मांडी घालून गप्पा मारल्यासारखा सांगत बसायचा. मी त्याच्याकडं न बघता लिहायचो. आठ रविवार झाले होते, आठ कार्डं गेली होती. यात कुणाचं काही बिघडतंय असं मला एकदाही वाटलं नव्हतं. ‘ताप नाही, थंडी नाही’ यापेक्षा एखाद्या आईला आणखी काय हवं असतं?

त्या आईनं घोंगडीच्या आतून फडक्याची पुरचुंडी काढली आणि गुरुजींच्या पुढ्यात सोडली. कार्डं एकावर एक नीट रचलेली होती.

“वाचा ह्ये.”

गुरुजींनी चष्मा लावला. “तीर्थरूप आईबाबांस साष्टांग नमस्कार. मी येथे खुशाल आहे...”

“म्होरलं म्या म्हनती.” बाईनं डोळे मिटले आणि देवाचं म्हणावं तशा एका सुरात म्हणू लागली. “ताप न्हाय, थंडी न्हाय. अब्यास नेमानं चाललाय. जेवान येळंवर मिळतंय. माजी काळजी करू नगा. बराबर हाय?”

“बरोबर आहे,” गुरुजी हळूच म्हणाले.

“आता दुसरं वाचा. न्हायतर ऱ्हाऊ द्या. म्याच म्हनती.”

गुरुजींनी दुसरं पाहिलं, तिसरं पाहिलं, मग पत्ते पिसावेत तशी सगळीच पाहून झाली.

“मी लोनी इकाया खालच्या बाजारला येती,” बाई सांगू लागली. “थितं पोस्टमन तात्या कार्ड वाचून दावत्यात. पयल्या बारीला लई ग्वाड वाटलं. दुसऱ्या बारीला बी वाटलं. सव्या बारीला तात्यांनी कार्ड हातात घेतलं आन म्याच समदं म्हनून दावलं. समदा बाजार हसला. पर मागल्या बाजारी माज्या म्होरं पल्याडल्या वाडीच्या येडग्याची पारू हुती. तिच्या बाबूचं कार्ड तात्या वाचत हुतं. त्येच सबूद, गुर्जी! बाबूला बी ताप न्हाय आन थंडी न्हाय.”

“बाई, ते असं आहे...”

“माजं पोर जल्मात कंदी ‘खुशाल’ म्हनलेलं न्हाय. त्येला त्यो सबूदच ठावं न्हाय. म्या इचार केला, ह्यात माजं पोर कुटंच बोलत न्हाय. दुसरंच कोन तरी बोलतंय. म्हंजी पोर ऱ्हायलं न्हाय, आन साळंवाली दडवून ठेवत्यात. चार दिस झालं, घास उतरत न्हाय माज्या गळ्याखाली.”

गुरुजींनी एक कार्ड उन्हाकडं धरलं. त्यांना मजकूर बघायचा नव्हता, अक्षर बघायचं होतं.

“जोती!”

मी बाहेर आलो. जोतिराम असं माझं पूर्ण नाव गुरुजी फक्त बक्षीस देताना घ्यायचे. त्यांनी मला काही विचारलं नाही. नुसतं माझ्याकडं पाहिलं, आणि मी मान खाली घातली. मोत्याचे दाणे त्या क्षणी मला खडे वाटले.

“आधी त्या पोराला घेऊन ये,” ते म्हणाले. “पळत जा.”

मी पळालो. नदी बोर्डिंगपासून फर्लांगभर. पोरांचा नेहमीचा गोंधळ चालला होता. कुणी कपडे आपटत होतं, कुणी एकमेकांवर पाणी उडवत होतं. बाबू येडगे दगडावर बसून पायाला साबण लावत होता.

“बाबू, बिरू कुठाय?”

“मगाशी हुता की.”

“मगाशी म्हणजे कधी?”

“मगाशीच.”

बिरूची चड्डी आणि सदरा धुऊन दगडावर पसरलेली होती. बिरू नव्हता. मी पोरं मोजली. मग परत मोजली. पाणी गढूळ होतं, वरच्या पावसानं भरून चाललं होतं. पलीकडचा नेहमीचा खडक दिसतही नव्हता. त्या बाईची भीती आता माझी झाली. तिला मी काय सांगणार? मी काठानं “बिरू, बिरू” असं ओरडत पळत सुटलो. पायात काटा मोडला तेही मला नंतर बोर्डिंगात आल्यावर कळलं.

नदीच्या वळणापलीकडं गावच्या म्हशी पाण्यात बसायच्या. तिथं एका म्हशीच्या पाठीवर बिरू लंगोटीवर बसला होता आणि दगडानं तिला खसाखसा घासत होता. म्हैस डोळे मिटून सुखात होती.

माझा हात उचलला गेला. पण मधे पाणी होतं, मी तो खाली घेतला.

“कुणाची म्हैस ही?” एवढंच माझ्या तोंडून निघालं.

“ठावं न्हाय. लई मळली हुती वो, दादा.”

“चल. तुझी आई आलीय.”

“आये?” त्यानं पाण्यात उडी मारली आणि धडपडत काठावर आला. त्याचं तोंड असं फुललं होतं की मला बघवेना. “म्हंजी पोचलं म्हना की माजं पत्र!”

आणि तो तसाच, लंगोटीवर, बोर्डिंगच्या दिशेनं धूम पळाला. मी मागून चालत राहिलो. 

मी पोचलो तेव्हा बाई त्याला चाचपून बघत होती. जनावर बाजारातून आणल्यावर बघतात तशी, आधी कान, मग मान, मग दंड.  सगळं जागेवर आहे अशी खात्री झाल्यावर ती पायरीवर मटकन बसली आणि ओसरीवरचा तांब्या घेऊन घटाघटा प्यायली. रिकामा तांब्या खाली ठेवला, पदरानं तोंड पुसलं आणि उठली.

“चल, बिरू. पेटी घे.”

“कुटं?”

“घरला. आपल्याला न्हाय ऱ्हायाचं हितं.”

गुरुजी एक पायरी खाली उतरले. “बाई, चूक झाली. मी कबूल करतो. पण त्यापायी पोराचं नुकसान करू नका. पोरगा हुशार आहे. तुमच्या वाड्यावरचा पाचवीत आलेला हा पहिलाच. आज घरी नेलात तर तो परत येणार नाही, तुम्हालाही ठाऊक आहे.”

“ठावं हाय.”

“मग?”

“हितं त्येला खायाला मिळतंय, निजाया मिळतंय. त्ये माज्या म्हशीला बी मिळतंय, गुर्जी. पर ह्येनं तोंडानं काडलेलं हितनं भायेर पडत न्हाय. माज्यापातुर येत न्हाय. आसलं श्यानपन घिऊन काय करू?”

 तोवर बाकीची पोरंही ओल्या कपड्यांचे पिळे घेऊन आली होती आणि ओसरीसमोर गोळा झाली होती.  बिरूला मात्र काहीच कळेना. तो आईच्या तोंडाकडं बघत होता.

“आये, आसं काय करती? म्या समदं सांगितलंय की तुला. दर ऐतवारी सांगत हुतो. जोतीदादा लिवत हुतं.” आणि तो माझ्याकडं वळला. “दादा, तुमी लिवलं न्हाई व्हय?”

मला भिंतीवरच्या मायन्याकडं बोट दाखवता आलं असतं. गुरुजींच्या नियमाकडंही दाखवता आलं असतं. पण तो अजून माझ्यावर भरवसा ठेवून विचारत होता, आणि त्याच्यासमोर मला खोटं बोलवेना.

“नाही लिहिलं,” मी म्हणालो.

 तो आत गेला आणि सदरा घालून, पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन बाहेर आला. मला कुणी मुस्काटात मारली असती तरी बरं वाटलं असतं. तो ओसरीची पहिली पायरी उतरला. पायऱ्या चारच होत्या.

“मावशी,” मी म्हणालो, “लिहिलं नाही, पण मी ऐकलंय.”

बाईनं माझ्याकडं पाहिलं. मी कोण हे तिला तेव्हा कळलं असावं.

“त्यानं काय काय सांगितलं ते मी तुम्हाला म्हणून दाखवतो. मग न्या त्याला.”

“आठ ऐतवारचं?”

“हो.”

हे मी कशाच्या जिवावर बोललो, देव जाणे. परीक्षेत सनावळ्या विसरणारा मी. पण बोलायला तोंड उघडलं आणि कळलं, की लिहिताना मी हाताला कामाला लावलं होतं, कान मात्र उघडेच राहिले होते. बिरूचं बोलणं बिरूच्याच सुरात माझ्या तोंडातून यायला लागलं.

“पहिल्या रविवारी म्हणाला, ‘आये, हितं पानी आपल्या पायानं वर चढून येतं. त्येला नळ म्हनत्यात. तुला यील तवा दावीन. डोस्क्यावर घागर न्हाय घ्यावी लागत.’”

बाईच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही.

“दुसऱ्या रविवारी, ‘चांदी म्हस व्याली का? रेडी झाली आसली तर इकू नगा. माज्या नावानं ठेवा.’”

“रेडीच झालीया,” बाई पटकन म्हणाली, आणि मग आपण बोललो म्हणून तिनं ओठ मिटून घेतले.

“तिसऱ्या रविवारी, ‘हितलं ताक आंबाट आसतं. आपल्या ताकाची सर न्हाय. पर कुनाला सांगू नगं, आचारीमामा चांगला हाय, वाईट वाटंल.’”

स्वयंपाकघराच्या दारात उभे असलेले आचारीमामा घसा खाकरून आत गेले. दोन-तीन पोरं हसली.

“चौथ्या रविवारी, ‘घोंगडी तूच पांघर. मला हितं चादर मिळालीया. तू म्हनतीस थंडी वाजत न्हाय, पर त्ये लबाड हाय, मला ठावं हाय.’”

बाईनं डोक्यावरची घोंगडी नकळत सारखी केली. तिचा हात तिथंच राहिला.

“पाचव्या रविवारी, ‘सतराचा पाडा पाट झाला. बाला सांग. आन बानं इचारलं तर म्हनून दाव, न्हायतर त्येला खरं वाटनार न्हाय.’”

“मला कुटनं येनार सतराचा पाडा!” बाई म्हणाली, आणि ती हसली. हसता हसताच तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. चार दिवसांचं अडलेलं सगळं एकदमच वाट काढून बाहेर पडलं. ती पुसायच्याही भानगडीत पडली नाही. “म्होरं सांग,” म्हणाली.

“सहाव्या रविवारी, ‘ह्या टायमाला काय बी न्हाय. नुस्तं नाव लिवा माजं. तिला कळंल.’”

आता ओसरीसमोर कुणीच हसेना.  दहा पोरांपैकी हा एकटा असा होता, ज्याला आपल्या नुसत्या नावानं आईला सगळं कळेल अशी खात्री होती. ते नावसुद्धा मी ‘आपला आज्ञाधारक’च्या खाली कोपऱ्यात कोंबलं होतं.

“सातव्या रविवारी, ‘म्या पवाया शिकलो. धा हात जातो. म्हशीचं श्यापूट न धरता.’”

“काय?” गुरुजी ओरडले. पावसाळ्यात पोहायला सक्त मनाई होती. मग आजूबाजूला बघून ते म्हणाले, “बरं, ते नंतर. आठवं सांग.”



आठवं मला आठवेना. मी डोळे मिटून पाहिलं, भिंतीकडं पाहिलं. त्या रविवारी दुसऱ्या शाळेच्या संघाशी सामना होता. बिरू समोर येऊन बसला तेव्हा त्याचं कार्ड मी आधीच लिहून ठेवलं होतं. तो बोलत होता आणि मी खिडकीतून मैदानावर चुन्यानं आखलेल्या रेषा बघत होतो. सात वेळा माझ्या कानांनी माझी लाज राखली होती, पण आठव्यांदा मी कानही बंद केले होते.

“मावशी, आठवं मी ऐकलंच नाही,” मी म्हणालो. “खोटं सांगत नाही.”

बाईनं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मग ती बिरूकडं वळली. तो पेटी डोक्यावर घेऊन पहिल्याच पायरीवर तसाच उभा होता.

“तू सांग रं. काय म्हनला हुतास?”

बिरू लाजला. पन्नास पोरं बघत होती. पायाच्या अंगठ्यानं पायरीचा दगड उकरत तो म्हणाला, “म्या म्हनलं हुतं, आये, लई दिस झालं. एकदा यून जा.”

“आन?”

“पर न्ह्यायाला यू नगं. नुस्तं बगाया ये.”

 बाई पुढं झाली, बिरूच्या डोक्यावरची पेटी तिनं दोन्ही हातांनी उतरवली आणि ओसरीवर, भिंतीला लागून, नीट ठेवली. मग त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

“आली की मग,” ती म्हणाली. “बगितलं.”

गुरुजींनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं बराच वेळ पुसला.

“ठिवती त्येला,” बाई त्यांना म्हणाली. “पर ह्येचं ह्येलाच लिवू द्या. वाकडं का आसंना. आन लिवाया नाय आलं तर म्हशीचं चितार काडू द्या. मला त्ये बी कळंल.”

ती जेवायला थांबली. पंगतीत पोरांच्या मध्ये बसून जेवली, ताक मुद्दाम मागून घेतलं, एक घोट घेतला आणि बिरूकडं बघून डोळे मिचकावले. जेवण झाल्यावर बिरूनं तिला नळ दाखवला. तिनं तो तीनदा सोडला आणि बंद केला. मी दूरच राहिलो होतो. पण निघताना ती काठी घेऊन माझ्याकडंच आली. आता बोलणी खायची, म्हणून मी तयारीनं उभा राहिलो.

“तुजी आय कुटं आसती?”

“गावी. इथनं सहा कोसांवर.”

“तिला काय धाडतुयास?”

मी काय सांगणार होतो? माझ्या घरचं कार्ड आत टेबलावर पडलं होतं, पत्ता लिहून तयार. मजकूर काय असणार ते ठरलेलंच होतं. बाई माझ्या तोंडाकडं क्षणभर बघत राहिली, मग “बरं हाय” म्हणून वाटेला लागली. बिरू नदीपर्यंत तिच्याबरोबर गेला. गुरुजींनी त्याच्यामागून दोन मोठी पोरं पाठवली, पोहण्याचं ऐकल्यावर त्यांचा भरवसा उडाला होता.

त्या दिवशी कबड्डी झाली नाही. गुरुजींनी चुन्याची बादली आणून स्वतःच्या हातानं भिंतीवर दोन हात मारले. ऑइलपेंट कसला जातोय, ‘ताप नाही, थंडी नाही’ चुन्याखालून पुढं महिनाभर दिसत होतं. मग आम्ही सगळे जमिनीवर बसलो आणि कार्डं लिहायला घेतली. पाचवीची पोरं जीभ बाहेर काढून एकेक अक्षर कोरत होती. ज्यांना जमेना त्यांचं मी लिहिलं, पण जसं बोलतील तसंच. बाबू येडग्यानं आईला कळवलं, की बिरूची आई आली होती आणि तू का नाही आलीस. सहावीतल्या एकानं घरच्या कोंबडीची चौकशी केली. दुपार टळून गेली तरी कार्डं संपेनात.

शेवटी माझं राहिलं. मी पेन धरून किती वेळ बसलो होतो कुणास ठाऊक. दहा पोरांच्या आयांशी मी लबाडी केली होती, त्याचं मला वाईट वाटत होतंच. पण आपल्या आईला आपण चार वर्षांत एक ओळ लिहिली नाही, हे त्या दिवशी लक्षात आलं तेव्हा माझाच मला राग आला. माझ्यावर तर कुणी लेखनिक बसवला नव्हता. मग मी लिहायला सुरुवात केली. सकाळी नदीवर मी किती घाबरलो ते लिहिलं. पहिल्या वर्षी इथं आल्यावर महिनाभर अंथरुणात तोंड खुपसून रडलो होतो, ते तुला सांगितलं नाही, ते लिहिलं. तोंडल्याची भाजी मला आवडत नाही पण तू केलेली आठवते, तेही लिहिलं. कार्डाची जागा संपली. कडेनं उभ्या ओळी लिहिल्या. पत्त्याच्या बाजूलाही लिहीत गेलो आणि आधी लिहिलेला पत्ता मजकुरात बुडून गेला. गुरुजी मागं उभे होते. त्यांनी दुसरं कार्ड आणि दोन्ही मावतील असं एक पाकीट माझ्यासमोर ठेवलं.

बिरू पुढं दहावीपर्यंत तिथंच राहिला. आज तो जनावरांचा डॉक्टर आहे. अधूनमधून मला फोन करतो, आणि पहिली पाच मिनिटं कुठल्या तरी म्हशीबद्दलच बोलतो. मी ऐकतो.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेलो. आमच्याकडं आलेली पत्रं खुंटीला अडकवलेल्या तारेत ओवून ठेवायची रीत होती. माझी चार वर्षांची कार्डं तिथं होती, गच्च, धुरानं पिवळी पडलेली. मी एकेक सरकवून पाहिलं. ते दोन कार्डांचं पत्र त्यात नव्हतं. मला वाटलं, पोचलंच नाही.

“आई, भाद्रपदातलं माझं पत्र आलं नाही?”

आई चुलीपुढं करंज्या तळत होती. तिला वाचता येत नव्हतं, शेजारचे दाजी वाचून दाखवायचे. तिनं झारा बाजूला ठेवला, हात पुसले आणि ट्रंकेतून, तिच्या लग्नातल्या लुगड्याच्या घडीतून, दोन कार्डं काढली. घडी पडून पडून त्यांचे कोपरे मऊ झाले होते.

“मग ही बाकीची?” मी तारेकडं बोट दाखवलं.

“ती हायत की. ती बोर्डिंगाची पत्रं,” आई म्हणाली. तिनं दोन्ही कार्डं पदराला पुसली आणि माझ्या हातात दिली. “चार वर्सांत तुजं येवढं एकच आलं बघ, जोती.”